तीन मशीन, तीन भगवे : फाईल एकच, कलर मात्र प्रत्येकावर वेगळा

सांगलीचा_फ्लेक्सवाला

नमस्कार मंडळी. गणपतीचा सीझन तोंडावर आलाय आणि कलरनं डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय. थोडा मोठा आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडं फ्लेक्स बॅनर छापायची तीन मशीन आहेत, तिन्हीची इंक वेगळ्या जातीची. एक १० फुटी सोल्व्हंट, कोनिका ५१२आय हेडची (हेड म्हणजे इंकचे थेंब सोडणारा भाग). दुसरी ६ फुटी इको सोल्व्हंट, आय३२०० हेड. तिसरं सेकंडहँड लॅटेक्स, दिवाळीनंतर घेतलं. डिझायनर एकच, कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली टिफ फाईल एकच, पण भगवा तीन जातीचा निघतोय. सोल्व्हंटवर विटकरीकडं झुकतो, इकोवर जरा पिवळट पण चालण्यासारखा, आणि लॅटेक्सवर एकदम झगझगीत नारंगी, डोळ्यात घुसतो.

एका मंडळाची कमान होती. दोन्ही खांब सोल्व्हंटवर मारले आणि वरची आडवी पट्टी घाईत इकोवर टाकली. उभी केल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले खांब दुसऱ्या मंडळाचे उचलून आणलेत काय. हसण्यावारी गेलं पण पैसे कापले.

आतापर्यंत हेड क्लीन केली, नोझल चेक (हेडची सगळी भोकं चालतात का ते बघायची प्रिंट) बऱ्यापैकी ओके आहे, चार-दोन जेट सोडून. इकोची आयसीसी प्रोफाईल सोल्व्हंटच्या रिपमध्ये (फाईल मशीनला कळंल अशी करून देणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितली तर आणखीच बिघडलं. मग सोल्व्हंटच्या रिपमध्ये मॅजेंटाचा कर्व्ह खाली ओढून, म्हणजे ती गुलाबी-लालसर इंक कमी करून, भगवा जवळ आणला, तर फोटोतल्या माणसांची स्किन हिरवट मारायला लागली. रिप पण तीन वेगळे आहेत, सोल्व्हंटला मेनटॉप, इकोला फोटोप्रिंट, लॅटेक्सला ओनिक्स. नक्की कुठनं धरायचं कळंना.

वऱ्हाडी_सोल्व्हंट

भाऊ, मले वाटते इंक बदलली असन तुम्ही. आमच्याकडे अमरावतीत लोकं स्वस्तातल्या लिटरच्या बाटल्या आणते, जुनी अर्धी टाकीत आहेच, त्यातच नवी ओतून देते, आणि मंग म्हणते कलर काऊन बदलला बाप्पा. तुमची सोल्व्हंटची मॅजेंटा कोणत्या लॉटची आहे ते पहा पहिले.

रंगारी_पुणे

दादा, आधी तो मॅजेंटाचा कर्व्ह होता तिथे परत नेऊन ठेवा, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही.

एका मशीनची प्रोफाईल दुसऱ्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण घालणं. आयसीसी प्रोफाईलमध्ये 'चांगला कलर' असं काही भरलेलं नसतं. अमुक मशीन, अमुक इंक, अमुक मीडिया (ज्यावर छापतो ते), इतके पास (एका जागेवरून हेड किती वेळा जातं), इतका हीटर, अशा परिस्थितीत इतके टक्के इंक टाकल्यावर कागदावर प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची ती नोंद असते. यातलं एक जरी बदललं तरी नोंद खोटी पडते. तुमची इकोची प्रोफाईल इकोबद्दल खरं बोलतेय, सोल्व्हंटबद्दल तिला काहीच माहीत नाही.

आता शोधायचं कसं. तिन्ही मशीन एकमेकांशी जुळतात का हे नंतर बघू. आधी प्रत्येक मशीन स्वतःशी जुळतंय का ते बघा. एक छोटी पट्टी बनवा, सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चारही कलरच्या १० ते १०० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि खाली भगव्याची वेगळी ओळ, यलो १०० ठेवून मॅजेंटा ४० पासून ८० पर्यंत पाच-पाचने वाढवत. ही पट्टी रिपमधलं कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद करून मारा, सकाळी मशीन सुरू केल्याकेल्या एक आणि दुपारी धंदा जोरात असताना एक. दोन्ही शेजारी ठेवा. त्यातच फरक दिसला तर प्रोफाईल, रिप, कोरल सगळं बाजूला ठेवा, दुखणं मशीनमध्ये आहे.

भगव्याची ओळ वेगळी का, तर या रंगात यलो फुल असतोच, तो दोन-चार टक्के इकडेतिकडे झाला तर डोळ्याला कळत नाही. सगळा खेळ मॅजेंटाचा. ५५ चा ६२ झाला की भगव्याचा विटकरी होतो. म्हणून भगवा मशीनची चुगली सगळ्यात आधी करतो, निळा आकाश-बिकाश असतं तर तुम्हाला हे वर्षभर कळलंही नसतं.

आणि मीडिया तिन्हीवर एकच होता का?

सांगलीचा_फ्लेक्सवाला

सर, सोल्व्हंटवर साधं फ्रंटलिट फ्लेक्स, इकोवर स्टार फ्लेक्स, लॅटेक्सवर विनाईल. म्हणजे तिन्ही वेगळं. पास पण वेगळे, सोल्व्हंट घाईत २ पासवर पळवतो, एरवी ४.

रंगारी_पुणे

मग आत्ता जी तुलना चाललीय तिला अर्थ नाही. टेस्टसाठी एकाच रोलचा तुकडा तिन्ही मशीनवर चढवा. लॅटेक्सला फ्लेक्स चढवताना गरमीने पाघळतं, तेवढं जपा, मीडिया चालत असेल तरच. नाहीतर तिन्हीवर एकच विनाईल घ्या. फ्लेक्सचा पांढरा हा पांढरा नसतोच, कुणात निळसर ब्राइटनर जास्त, कुणात कमी, कुणी पिवळट. तुमचा भगवा त्याच्यावरच बसतो, त्यामुळे इंक एकसारखी पडूनही रंग वेगळा दिसू शकतो.

फुटामागे_दहा

मी सोलापूरचा. राग मानू नका पण हे सगळं वाचून हसू आलं. फुटाला दहा रुपये मिळतात, त्यात फ्लेक्स, इंक, लाईटबिल, आयलेट, पोरांचा पगार, आणि कार्यकर्ता रात्री अकराला फाईल पाठवणार आणि सकाळी सहाला चौकात बॅनर पाहिजे. कुठं पट्ट्या मारत बसता. बॅनर आठ दिवस राहतो, नवव्या दिवशी कुणाच्यातरी गोठ्यावर असतो. वीस फूट लांबून कुणाला कळतोय तुमचा पाच टक्के मॅजेंटा.

सांगलीचा_फ्लेक्सवाला

दादा, एकटा बॅनर असंल तर तुमचं खरं आहे. पण कमानीत खांब आणि पट्टी शेजारी असतात, तिथं वीस काय पन्नास फुटांवरनं पण कळतंय. आणि पैसे माझे कापले की.

हेडडॉक्टर

सर्व्हिसमध्ये आहे, वसई ते सुरत पट्टा बघतो. आल्या आल्या प्रोफाईलवर कुणी जाऊ नका, रंगारी सरांनी सांगितलं तसं आधी मशीन.

५१२आय बद्दल एक विचारतो. मागच्या काही महिन्यांत एखादं हेड बदललंय का? कोनिकाच्या प्रत्येक हेडवर लेबल असतं, त्यावर त्या हेडचं व्होल्टेज छापलेलं असतं. दोन हेड एकाच डब्यातून आली तरी आकडा वेगळा असतो. नवीन हेड लावून मशीनच्या बोर्डावर जुन्या हेडचंच व्होल्टेज राहिलं तर थेंब लहान किंवा मोठा पडतो. नोझल चेक शंभर टक्के येईल, एक जेट बंद दिसणार नाही, बँडिंग (आडवे पट्टे) नाही, आणि कलर मात्र गेलेला. अर्धा दिवस लोक रिपमध्ये शोधत बसतात.

दुसरं तापमान. थंड इंक जाड असते, पातळ झाली की थेंब मोठा होतो. सकाळी शटर उघडून मशीन चालू केली आणि हेडचा हीटर सेट तापमानाला पोचायच्या आधी प्रिंट सोडली तर पहिले दहा-बारा फूट वेगळेच येतात. तुमच्या सांगलीत नाही इतकं, पण जानेवारीत नाशिक-निफाडकडे हे दरवर्षी ऐकतो. पावसाळ्यात वेगळी तऱ्हा, फ्लेक्सचा रोल ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, पुढच्या हीटरवर आला की सुकायला वेळ घेतो, इंक पसरते.

तिसरं, २ पास बाय-डायरेक्शन, म्हणजे जाताना आणि येताना दोन्हीकडे छापणं. हे नीट वाचा. हेड एका ओळीत बसलेली असतात. हेडची गाडी जाताना मॅजेंटा आधी पडून त्यावर यलो पडतो, येताना यलो आधी आणि त्यावर मॅजेंटा. वरचा कलर थोडा जास्त दिसतो. ४-६ पासला हे मिसळून जातं, २ पासला मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून भगव्यात आणि हिरव्यात आडवे पट्टे दिसतात, एक लालसर एक पिवळट. लोक त्याला बँडिंग समजून स्टेप (मीडिया पुढे सरकायचं अंतर) ॲडजस्ट करत बसतात आणि तो काही जात नाही. युनि-डायरेक्शन (एकाच दिशेने छापणं) करून बघा, लगेच जाईल, स्पीड अर्धा होईल तो वेगळा भाग.

इंकच्या बाबतीत वऱ्हाडी भाऊंचं अर्धं बरोबर आहे. दोन कंपन्यांची इंक मिसळली तर कलर बदलण्यापेक्षा मोठी भीती ती फाटण्याची. टाकीत लापशी झाली की फिल्टर, डॅम्पर आणि शेवटी हेड. आणि बाटली ओतायच्या आधी हलवायची असते, हे सांगावं लागतं यावर विश्वास बसत नाही पण सांगावं लागतं.

वऱ्हाडी_सोल्व्हंट

अर्धं बरोबर म्हणजे न, पास तं झालो मी 😀

कोरलकन्या

नाशिकहून. डिझाईन करते, मशीन माझं नाही, पण तुमच्या अर्ध्या भांडणात दोष आमच्या टेबलावर असतो म्हणून लिहिते.

कोरलची फाईल उघडा आणि बॅकग्राउंडच्या भगव्यावर आणि अक्षरातल्या भगव्यावर वेगवेगळं क्लिक करून बघा. बॅकग्राउंड बहुतेक वेळा कुठूनतरी उचललेला जेपीजी असतो, म्हणजे आरजीबी, स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात. अक्षरं कोरलमधली, सीएमवायके, छपाईच्या चार इंकमध्ये. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात कारण कोरल तुम्हाला तसं दाखवतं, पण एक्सपोर्ट करताना आरजीबीवाला भगवा रूपांतर होऊन जातो आणि सीएमवायकेवाला आहे तसा. आरजीबीचा २५५-१०२-० सारखा नारंगी कुठल्याही फ्लेक्स मशीनच्या हातात नाहीच, तो कापला जाणार, आणि कुठे कापायचा हे प्रत्येक रिप आपापल्या पद्धतीने ठरवणार. एकाच बॅनरमध्ये दोन भगवे मी स्वतः बघितलेत आणि शिव्या ऑपरेटरने खाल्ल्यात.

पार्टीचा फोटो व्हॉट्सॲपवरून येतो, तो तर विचारूच नका. आणि मोबाईलवर झळकणारा कलर दाखवून 'असाच पाहिजे ताई' म्हणतात, त्यांना फ्लेक्सच्या जुन्या तुकड्यावर छापलेला कलर दाखवते, मोबाईल खिशात ठेवायला सांगते.

मी काय करते, सगळं झाल्यावर एक कॉपी घेऊन पूर्ण डिझाईन सीएमवायके बिटमॅप करते, मोठ्या बॅनरला फुल साईजला १०० डीपीआय पुष्कळ झाले, आणि टिफ काढताना प्रोफाईल एम्बेड करते, म्हणजे फाईलच्या आतच घालते. करड्या सावल्या चार कलरच्या न ठेवता फक्त ब्लॅकमध्ये ठेवते. तीन कलरचा करडा कुठलंही मशीन हललं की गुलाबी नाहीतर हिरवा होतो.

सांगलीचा_फ्लेक्सवाला

ताई, टिफमध्ये प्रोफाईल एम्बेड असते का बघायला सांगतो पोरग्याला.

हेडडॉक्टर साहेब, मे महिन्यात सोल्व्हंटचं एक मॅजेंटा हेड बदललं होतं. बसवणारा इंजिनिअर बाहेरचा होता, घाईत होता, लाईन आली की गेला. लेबल आत आहे, उद्या कव्हर काढतो.

शारजाकर

मूळ गाव चिपळूण, शारजात साईनेजमध्ये. इथे मॉलच्या भिंती करतो, एका भिंतीला आठ-दहा पॅनल शेजारी शेजारी, तिथे हा प्रॉब्लेम रोजचा. तुमच्या कमानीसाठी दोन गोष्टी.

एक जॉब, एक मशीन, एक रोल. शेजारी लागणारं काहीही दोन मशीनवर टाकायचं नाही, कितीही घाई असली तरी. घाई असेल तर कमान एका मशीनवर आणि स्टेजचं बॅकड्रॉप दुसऱ्यावर, असं तोडायचं. कमानीचे खांब एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे असं नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. एकाच मशीनवर, एकाच रोलवर छापलं तरी डावी कड आणि उजवी कड तंतोतंत सारखी नसते. हीटर एका बाजूला जरा जास्त गरम, मीडियाचं टेन्शन वेगळं, काहीतरी असतंच. पॅनल लावताना एकाची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेला भिडते, म्हणजे सगळ्यात जास्त फरक असलेल्या दोन कडा शेजारी येतात. म्हणून एकाआड एक पॅनल १८० अंशात फिरवून छापा. मग उजवी उजवीला आणि डावी डावीला भिडते, जोड दिसत नाही. वॉलपेपरवाले हे कायम करतात. रिपमध्ये टायलिंगच्या (मोठं डिझाईन पॅनलमध्ये तोडायच्या) तिथे बहुधा ऑप्शन असतो, नसला तर हाताने फिरवा.

फुटामागे_दहा

हे उलटं फिरवायचं मात्र आवडलं. फुकट आहे.

सांगलीचा_फ्लेक्सवाला

अपडेट. कव्हर काढलं. नवीन मॅजेंटा हेडच्या लेबलपेक्षा बोर्डावर दीड व्होल्ट जास्त सेट होतं, जुन्या हेडचाच आकडा राहिलेला. लेबलप्रमाणं केलं, दोन्ही वेळची पट्टी मारली, विटकरीपणा बराच उतरला. सकाळ-दुपारमध्ये पण फरक होता, सकाळचा फिका. आता हीटर पोचल्याशिवाय ऑपरेटरला हात लावू देत नाही, तोवर त्याला आयलेट मारायला लावतो.

टिफमध्ये प्रोफाईल नव्हती. आणि रिप उघडून बघितले तर फोटोप्रिंटमध्ये इनपुटला स्वॉप, ओनिक्समध्ये ज्याच्याकडनं मशीन घेतलं त्यानं सीएमवायके इनपुट बंदच ठेवलेलं, मेनटॉपमध्ये काय आहे ते मला समजलं नाही, चायनीज नावाची फाईल आहे.

म्हणजे अजून तिन्ही वेगळेच आहेत, पण आता भांडण नाही, कुरबूर आहे. पुढं काय?

रंगारी_पुणे

हेडडॉक्टरना एक चहा लागू. आता खरं कलर मॅनेजमेंट सुरू होतं.

तुमची फाईल प्रोफाईलशिवाय जात होती. त्यात लिहिलंय मॅजेंटा ६०, यलो १००. पण कुणाचे ६०? ऑफसेटच्या अमेरिकन पद्धतीचे ६०, युरोपियन पद्धतीचे ६०, की तुमच्याच मशीनचे ६०? हे फाईल सांगत नाही, म्हणून प्रत्येक रिप आपल्या मनाने उत्तर देतो. फोटोप्रिंट म्हणाला स्वॉप, म्हणजे अमेरिकन, समजतो. ओनिक्समध्ये इनपुट बंद, म्हणजे त्याने ६० टक्के सरळ इंकमध्ये ओतले, म्हणूनच लॅटेक्सचा भगवा झगझगीत होता, निव्वळ लॅटेक्स चांगलं मशीन आहे म्हणून नव्हे. तिन्ही रिपमध्ये सीएमवायके इनपुटला एकच प्रोफाईल निवडा. मी फोग्रा३९, युरोपियन पद्धतीची, ठेवतो, तुम्ही दुसरी ठेवली तरी बिघडत नाही, पण तिन्हीकडे तीच आणि कोरलमध्येही तीच. आरजीबीला एसआरजीबी. रेंडरिंग इंटेंट (मशीनला न जमणारा रंग कसा बसवायचा ती पद्धत) तिन्हीकडे रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. तो मेनटॉपमधला चायनीज नावाचा प्राणी काढून टाका.

नुसतं एवढं केल्यावर इको आणि लॅटेक्स पुष्कळ जवळ येतील, आज संध्याकाळी, एक रुपया खर्च न करता.

मग लिनिअरायझेशन. हे बहुतेक फ्लेक्सवाले गाळतात कारण मशीन बसवणारा 'प्रोफाईल टाकून दिलीय' म्हणतो आणि विषय संपतो. मशीनला ५० टक्के मॅजेंटा सांगितला तर कागदावर ५० चा परिणाम दिसायला हवा, प्रत्यक्षात थेंब पसरतो आणि ६५-७० सारखा दिसतो. आधी प्रत्येक कलरची इंक लिमिट ठरवायची. तुमच्या पट्टीत मॅजेंटाचे ८०, ९०, १०० डोळ्याला सारखेच दिसत असतील तर ८० च्या पुढची इंक तुम्ही फुकट ओतताय, ती सुकत नाही, घडी घातली की चिकटते. फुटामागे_दहा साहेब, इथे तुमचे पैसे वाचतात बघा. मग लिनिअरायझेशन, मग चारही मिळून एकूण लिमिट, फ्लेक्सला साधारण २२० ते २८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी बसते, मीडिया ठरवतो. आणि हे सगळं झाल्यावरच प्रोफाईलचा चार्ट, म्हणजे छापून मोजायचे रंगांचे चौकोन. क्रम उलटा केला तर प्रोफाईल चुकीच्या मशीनची बनते.

हे प्रत्येक मीडियाला आणि प्रत्येक पास मोडला वेगळं. घाबरू नका, तुम्ही खरं वापरता ते फ्रंटलिट, स्टार, विनाईल एवढंच ना, तेवढ्याच करा.

कोरलकन्या

एक भर घालते. प्रोफाईल बसल्यावर भगव्याच्या सपाट भागावर भिंग लावून बघा. फोग्रामधून मशीनच्या प्रोफाईलमध्ये जाताना रिप कधीकधी शुद्ध भगव्यात सायनचे बारीक ठिपके टाकतो. सायन नारंगीच्या जवळपास विरुद्ध, दोन-तीन टक्क्यांनीही भगवा मळका दिसतो. काही रिपमध्ये शुद्ध कलर तसेच ठेवायचा पर्याय असतो किंवा तेवढा एक रंग स्पॉट कलर म्हणून देता येतो. भगवा आणि निळा हे दोन मी कायम स्पॉट नावाने देते, मग ऑपरेटर प्रत्येक मशीनवर त्याच एका नावापुढे त्या मशीनची योग्य टक्केवारी भरतो.

रंगारी_पुणे

ताईंनी सांगितलेलं फ्लेक्सवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं. तुमच्या धंद्यात ८० टक्के भांडण तीन-चार रंगांचंच असतं. तेवढे स्पॉट म्हणून बांधून टाका. टक्केवारी मशीनपरत्वे वेगळी असू द्या, जुळवायचं ते छापलेल्या रंगाशी. राष्ट्रध्वजाचं जे भारतीय मानक आहे, आयएस १, त्यात केशरी रंग मोजमापाच्या आकड्यांतच दिलाय, कारण 'केशरी' म्हटलं की प्रत्येकाच्या मनात वेगळा येतो. तसा तुमच्या दुकानाचा भगवा एकदा लॅब आकड्यांत (रंग आकड्यांत मोजायची पद्धत) ठरवा.

फुटामागे_दहा

आणि ते लॅब आकडे मोजणारं यंत्र लाखाच्या वर जातं, ते कोण सांगणार.

रंगारी_पुणे

विकत घ्यायला कोण सांगतंय. पुण्या-मुंबईत प्रोफाईल करून देणारे यंत्र घेऊन येतात, तिन्ही मशीन एका दिवसात होतात. किंवा चार दुकानांनी मिळून एक घ्या. काही लॅटेक्स मशीनमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे हेच रंग मोजणारं यंत्र, आतच बसवलेला असतो, सांगलीकर, तुमचं मॉडेल बघा एकदा, लोकांना स्वतःच्या मशीनमधलं माहीत नसतं.

यंत्र नसेल तरी डोळ्याने स्पॉट जुळवता येतो. भगव्याच्या पायऱ्यांची चौकट प्रत्येक मशीनवर मारा, पूर्ण सुकू द्या, ओला आणि सुकलेला कलर वेगळा असतो, मग मास्टर तुकड्याशेजारी ठेवून जुळणारी चौकट निवडा. फक्त दुकानाच्या ट्यूबखाली निवडू नका. मशीनवर एलईडी, काउंटरवर पिवळा बल्ब, आणि बॅनर लागणार उन्हात. दोन वेगवेगळ्या इंकचे रंग एका लाईटखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. शटरबाहेर सावलीत, दुपारच्या उजेडात बघा. आणि मास्टर म्हणून पार्टीने आणलेला गेल्या वर्षीचा बॅनर कधीच घेऊ नका, उन्हात यलो आणि मॅजेंटा आधी उडतात, तो भगवा आता कुठल्याच मशीनला काढता येणार नाही.

सांगलीचा_फ्लेक्सवाला

झालं बघा बरंचसं. इनपुट प्रोफाईल तिन्हीकडं एक केली, त्याच संध्याकाळी इको आणि लॅटेक्स इतके जवळ आले की ऑपरेटर म्हणाला कुठलं कुठलं मागं लिहून ठेवा. लॅटेक्समध्ये स्पेक्ट्रो निघाला नाही, साधं मॉडेल आहे. मग पुण्याहून एकाला बोलवून फ्रंटलिट आणि स्टारची लिनिअरायझेशन-प्रोफाईल करून घेतली. त्यानं सोल्व्हंट आणि इकोच्या भगव्यातला फरक मोजला, डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) ३ च्या आत आलाय, आधीचा जुना तुकडा मोजला तर ११ होता. सोल्व्हंटची इंक लिमिट पण खाली आली, फ्लेक्स आता चिकटत नाही.

लॅटेक्सचा भगवा विनाईलवर अजून थोडा उजळ आहे, तो राहणारच म्हणतो तो.

रंगारी_पुणे

हो, राहणार. त्या मशीनची रंगांची झेप जास्त आहे, सोल्व्हंटला तो भगवा देता येत नाही. जुळवायचंच असेल तर वरच्याला खाली आणावं लागतं, म्हणजे लॅटेक्सने सोल्व्हंटची नक्कल करायची, सोल्व्हंटची प्रोफाईल मधे घालून. सगळ्या कामाला असं करू नका, चांगल्या मशीनचा कलर मारल्यासारखं होईल. दोन्हीवरचं शेजारी लागणार असेल तेव्हाच.

आणि ३ हा आकडा दोन वेगळ्या बॅनरला उत्तम आहे. एकमेकांना चिकटून लागणाऱ्या सपाट रंगाला ३ पण डोळ्याला दिसू शकतो, तिथे शारजाकरांचाच नियम.

हेडडॉक्टर

व्होल्टेजचे सगळे आकडे कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, हेड बदललं की खोडून नवीन. पुढचा इंजिनिअर कोण येईल सांगता येत नाही. आणि ती पट्टी दर सोमवारी मारून तारीख टाकून फाईलला लावा. कलर एका दिवसात जात नाही, हळूहळू सरकतो, शेजारी जुनी पट्टी असल्याशिवाय कळत नाही.

वऱ्हाडी_सोल्व्हंट

सांगलीकर भाऊ, ते पट्टीची फाईल टाका न इथं. आन रंगारी सर, बॅकलिटले हेच सगळं चालते का? आमच्या दुकानाच्या बोर्डात दिवसा भगवा बरा दिसते, रातच्याला लाईट लागला का पिवळा पडून राहिला.

रंगारी_पुणे

नाही चालत. बॅकलिटला उजेड इंकमधून आरपार येतो, समोरून पडत नाही, त्यामुळे इंक जास्त लागते आणि प्रोफाईल पूर्ण वेगळी, चार्ट पण लाईटवर ठेवून मोजावा लागतो. तोवर तात्पुरतं म्हणजे भगव्याची चौकट बॅकलिटवर मारून तुमच्याच बोर्डातल्या एलईडीसमोर धरा आणि त्यातून निवडा. बोर्डात ट्यूब काढून नवीन एलईडी टाकलेत का ते पण सांगा. बाकी बॅकलिटचा वेगळा धागा काढा भाऊ, इथे भगव्यातच सगळं भरलं.

सांगलीचा_फ्लेक्सवाला

पट्टीची टिफ संध्याकाळी टाकतो. फोग्रा३९ एम्बेड आहे, पण मारताना कलर मॅनेजमेंट बंदच ठेवा.